बर्फाचा कारखाना

मुरुडजवळच्या आमच्या गावाने मासळीसाठी बर्फाचा कारखाना मागितला, त्याला आठ वर्षं झाली. यंदा गावाची हद्द नव्या सरकारी नकाशात चढली. शाळेत घोकलेल्या सवयीने तहसील कार्यालयातल्या संगणक ऑपरेटरने आधी अक्षांश भरले, मग रेखांश. त्या नकाशाला नेमकं उलटं हवं होतं. गाव नॉर्वेच्याही पलीकडे, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर जाऊन पडलं.

मासळी विकणाऱ्या आवडाबाई टोपली घेऊनच कार्यालयात गेल्या. "सायेब, आमचा गाव हितंच हाय. म्हावरं सडतंय, वास येत न्हाय का?"

"वास येतो हो, बाई. पण नकाशा मंजूर झालाय."



परवा, आठ वर्षांत पहिल्यांदाच, अर्जाला उत्तर आलं: 'नकाशा पाहता गावात बारमाही नैसर्गिक बर्फ उपलब्ध आहे. सबब, कारखाना नामंजूर.'