आमची एक गोळीही नाही

मंत्र्यांनी टेबलावरचा जळका लोखंडी तुकडा राजदूतासमोर सरकवला. मंत्र्यांच्या देशानं एका बेटावर फौज घुसवली, तेव्हा त्यांच्या मुलाचं विमान पाडणाऱ्या रॉकेटचा तो तुकडा. बेटवाल्यांना रॉकेटं पुरवली होती राजदूताच्या देशानं; तरी हाच गृहस्थ तेव्हा छातीठोकपणे म्हणाला होता, "आमची एक गोळीही तिथं नाही."

आता फासे उलटे पडले होते. राजदूताच्या देशानं शेजारचा डोंगराळ मुलूख गिळायला घेतला होता, आणि त्यांची हेलिकॉप्टरं पिकल्या बोरांसारखी गळत होती.

"डोंगरातल्यांना रॉकेटं देणं थांबवा," राजदूत कळवळून म्हणाला.

"आमची एक गोळीही तिथं नाही."

"माझा मुलगा तिथं हेलिकॉप्टर उडवतो हो!"

"ठाऊक आहे." मंत्र्यांनी किटली उचलली. "साखर किती घालू?"