नवा टाक

मंडळाच्या पुस्तकासाठी मावळातल्या घराण्यांच्या वंशावळी गोळा करत वसुधाताई तळेगावहून टाकव्याला आल्या होत्या. गेलेल्या माणसाचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली छोटी प्रतिमा, करून देवघरात बसवायची या घराची रीत, त्यामुळे त्यांचं काम सोपं झालं. कैलास एकेका टाकावर बोट ठेवून नाव सांगत होता आणि त्या लिहून घेत होत्या. शेवटचा टाक कोरा करकरीत होता.

“हा कुणाचा?”

“भिमाजी,” कैलास खालच्या आवाजात म्हणाला. “मागं पोरबाळ न्हाई.”

“कधी गेले?”

“साल मोकळं ठेवा, ताई. पुस्तक कवा छापताय?”

“दिवाळीत.”

“मग तोवर कळवतो की.”

जुनी सालं कुणालाच चटकन आठवत नाहीत, हे ताईंच्या सवयीचं होतं. त्यांनी जागा सोडली.

तेवढ्यात आतून पांढऱ्या मिशांचा एक माणूस चहा घेऊन आला. “घ्या ताई. मी भिमाजी, याचा थोरला भाऊ.”

ताईंचा पेन कागदावरच थांबला. त्यांनी वर पाहिलं, तर कैलास त्यांच्याकडेच बघत होता, पापणीही न हलवता.

भिमाजी देवापुढे टेकला आणि तो नवा टाक उचलून उपरण्यानं हलक्या हातानं पुसू लागला.

“थोरला म्हणून रोज मीच पुजतो समद्यास्नी. ह्यो आमच्या पणज्याचा. लय वर्सं करायचा राहिलता. गेल्या म्हैन्यात कैलासनं आठवणीनं करून आणला.”