सायकलवरचा दीड तास

देवासला डायलिसिसचं आणखी एक मशीन यावं, म्हणून निधी जमवायला आमच्या मंडळानं रविवारी सायकल-रिले ठेवली होती. हॉलमध्ये एका जागी उभी केलेली व्यायामाची सायकल, सहा जणींची टीम, प्रत्येकीला अर्धा तास. नियम एकच, संध्याकाळपर्यंत पायडल थांबायला नको.

दुपारी वैभवीचा अर्धा तास संपला, पण तिच्यानंतरची लतिका आलीच नाही. वैभवी तशीच पायडल मारत राहिली. कुडता घामानं पाठीला चिकटला, पोटऱ्या थरथरायला लागल्या.

"भाभी, उतरा आता, मी चालवतो," मंडळाचे विक्रमसिंह भिया दोनदा म्हणाले. तिनं मानेनंच नको म्हटलं. तिची जिद्द बघून आम्ही टाळ्या वाजवल्या.

तासाभरानं लतिका धापा टाकत आली. "सॉरी गं, देवीच्या टेकडीखाली ट्रॅफिक जाममध्ये अडकले. उतर बाई, किती थकलीयेस!"

वैभवी उतरली नाही. हळूच म्हणाली,



"अजून थोडं चालवू दे ना. पहाटे पाचला उठल्यापासून आत्ता कुठे बसायला मिळालंय."