चार विटांचा पूल

वस्तरा हेडमास्तरांच्या गळ्यापासून बोटभर अंतरावर असताना वहिनी सलूनचं दार ढकलून आत आल्या.

"अहो, थांबा," त्या म्हणाल्या. "गळ्याला हात लावू नका. मी तुम्हाला फसवलंय."

दादा थांबले. हेडमास्तरही थांबले, त्यांना दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. निवृत्त झाल्यापासून ते प्रत्येक विषयावर मत देत. आज तोंडभर फेस होता, म्हणून एका विषयावरचं मत राहून गेलं.

सात महिन्यांपूर्वी दादांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय परत आला, वाचा परत आली, हात मात्र थरथरत राहिला. थरथरत्या हाताने माणूस पुष्कळ कामं करू शकतो. सह्या करू शकतो, हार स्वीकारू शकतो, इतरांना दिशा दाखवू शकतो. दाढी तेवढी करू शकत नाही, निदान दुसऱ्याची. सलूनला कुलूप लागलं.

मग लेक चार दिवसांची रजा काढून आली आणि जाताना हातात धरून खेळायचं एक यंत्र ठेवून गेली. बोटांना व्यायाम म्हणून. त्यात आपलं आपण भुयार बांधायचं, खड्डे खणायचे, राक्षस बसवायचे आणि ते जगभरच्या खेळणाऱ्यांसाठी खुलं करायचं. अट एकच. बांधणाऱ्याने आधी स्वतः त्यातून एकदा जिवंत बाहेर पडून दाखवायचं. रस्ते बांधणाऱ्यांना ही अट अजून कोणी घातलेली नाही.

दादांनी भुयार बांधलं ते सलूनच्याच धर्तीवर. सुरुवातीला बाकावर नंबर लावून बसलेले राक्षस. मग गरगर फिरणारी पाती. शेवटी खोल दरीवर चार विटा रुंद असा पूल, आणि पलीकडे बाहेरचं दार. राक्षस दादांना कधीच नडले नाहीत. बाकावरच्यांना झुलवत ठेवण्यात त्यांची हयात गेली होती. पुलावर मात्र अंगठा थरथरायचा आणि दादा दरीत जायचे. दिवसातून तीस-तीस वेळा.

"ज्या दिवशी माझं भुयार मी पार करीन, त्या दिवशी वस्तरा हातात घेईन," त्यांनी घरात जाहीर केलं. "महिनाअखेरपर्यंत नाही जमलं, तर सलूनची चावी मालकाला देऊन टाकू. विषय संपला."

महिन्याचे बारा दिवस उरले आणि दादा जेवताना बोलेनासे झाले. तेव्हा ज्या यंत्राला वहिनी आजवर 'टिकटिक' म्हणून हिणवत होत्या, तेच त्यांनी हातात घेतलं. दुपारी दादा झोपले की त्या पूल एका विटेने रुंद करायच्या. रोज एक. पकडलं जाण्याची भीती त्यांना नव्हती. ज्या माणसाला समोरच्या खोलीतला नवा पडदा दोन वर्षांत दिसला नाही, त्याला वीट कुठून दिसणार?

अकरा दिवसांत अकरा विटा झाल्या. दादा रोज थोडे पुढे पोचू लागले. "हात वळायला लागलाय गं," म्हणत पुन्हा वाढून घेऊ लागले. शनिवारी सकाळी यंत्रातून तुतारी वाजली आणि दादा धावत, म्हणजे त्यांच्या मानाने धावत, स्वयंपाकघरात आले. वहिनींनी कांदा नसताना डोळे पुसले.

आज रविवार. दादा धार लावलेला वस्तरा खिशात घालून घराबाहेर पडले. मग वहिनींच्या लक्षात आलं, की पूल रुंद करता येतो, माणसाचा गळा नाही. तशाच निघाल्या त्या.

हे सगळं त्यांनी सलूनच्या दारात उभं राहून एका दमात सांगितलं. आरशात हेडमास्तरांचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

दादांनी खण उघडला, कंगव्यांखालून यंत्र काढलं आणि पुढे केलं.

"मोज."

वहिनींनी चष्मा लावला. जगासाठी खुलं झालेलं भुयार. बाकावरचे राक्षस. पाती. पूल. एक, दोन, तीन, चार. पंधरा असायला हव्या होत्या. त्यांनी पुन्हा मोजल्या. चारच.

"बाकीच्या कुठे गेल्या?"

"शनिवारी सकाळी सगळ्या कापल्या. मग पार केलं." दादा ब्रश भिजवत होते, हेडमास्तरांचा फेस वाळत चालला होता. "वाढलेलं कापायचं, दुसरं येतं काय मला?"

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं?"

"गिऱ्हाइकाचा एक कल्ला केसभर लांब राहिला तर मला चैन पडत नाही. पडदासुद्धा दिसला होता. पहिला बरा होता."

हेडमास्तरांनी हे ऐकलं, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. वस्तरा हनुवटीखालून खाली उतरला. सरळ, एका रेषेत, कुठेही न अडखळता.

वहिनी बाकावर बसल्या. पहिला नंबर असल्यासारख्या.

"मग अकरा दिवस बोलला का नाहीत?" त्यांनी विचारलं.

"बोलणार काय? रोज एक वीट यायची. हात धरून कोणी चालवतंय असं वाटायचं." दादांनी वस्तऱ्यावरचा फेस पुसला. "आणि बोललो असतो, तर मी झोपत नव्हतो हे तुला कळलं असतं. पहिली वीट बसवायला पाऊण तास लावलास. कूस बदलायचीसुद्धा चोरी होती."