नातवासाठी जपलेलं वाघनख

"वाघनख पोराच्या गळ्यात बांधतात, पोरीच्या नाई," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या बारशातलं वाघनख त्यांनी पुढं होणाऱ्या नातवासाठी जपून ठेवलं होतं. मग लेकीसाठी मीच नकली घडवायचं ठरवलं. हस्तिदंती रेझिनची छटा जुळावी म्हणून ते जुनं नख गुपचूप वर्ध्याच्या दुकानात नेलं. दुकानदारानं त्याला तापलेली सुई टेकवली, तर प्लास्टिक जळल्याचा वास आला.

"ताई, हे बी नकलीच आहे."

लेकीला, ईराला, ओरखडा नको म्हणून मी घडवलेल्या नकली वाघनखाचं टोक घासून बोथट केलं आणि बारशाला तिच्या गळ्यात बांधायला घेतलं.

"नकली बांधून काय भलं होते पोरीचं?" सासूबाई सगळ्यांसमोर कडाडल्या.

मी गाठ पक्की केली.

"तुमच्या लेकाचं झालं तेवढं होईल, आई. त्यांचंही नकलीच होतं."