वाईची गाडी

रंगूबाईंनी आज पुन्हा सुनेच्या दोन साड्या चर्चला न्यायच्या पिशवीत कोंबल्या होत्या.

राजेश्वरी त्या काढायला वाकली, तोवर दारात विश्वजित कुलूप वाजवत उभा. "आवरलं का? मला गाळ्यावर जायचंय." तिनं साड्यांवर पाण्याची बाटली ठेवली नि पिशवी उचलली. सासूचं हे नेहमीचंच होतं. कधी सुनेच्या बांगड्या तांदळाच्या डब्यात, कधी साड्या पिशवीत. रोज कोण वाद घालणार?

"हा बाप्या कोन गं?" रंगूबाईंनी मुलाकडे बोट दाखवलं.

"तुमचा विश्वजित, आत्याबाई."

"न्हाई. माझा असा न्हवता."

विश्वजितनं कमरेचा पेजर चाचपला आणि ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

कोपरखैरण्यातल्या त्या खोलीला बाहेरून कुलूप लागायचं. आई पळून जाते म्हणून, असं तो शेजारी सांगे आणि शेजारी हळहळत. खरं तर कुलूप आधीपासूनचंच. आईच्या आजारानं त्याला अब्रूदार निमित्त दिलं, एवढंच. भाजीही तोच आणायचा. लग्नाला वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, आणि वड्याचं तेल वांग्यावर काढावं तसा तो राग तो बायकोवरच्या संशयात काढायचा. दिवाळीत तिचा भाऊ वाईहून भाऊबीजेला आला, तर त्याला उंबऱ्यावरूनच परत लावलं. ओवाळायचं ताट तिच्या हातातच राहिलं.

त्याच आठवड्यात रंगूबाईंचं डोकं फिरलं. म्हातारीनं धसका घेतला, असं सगळे म्हणाले.

मग त्यांना घरात राहवेना. दार उघडलं रे उघडलं की मुलाच्या बगलेतून सटकायच्या, आणि बसथांब्यावर भेटेल त्याला विचारायच्या, "वाईची गाडी कवा सुटती?" लोकांना हसू यायचं. ह्यांचं गाव माणातलं, दहिवडीच्या पलीकडचं. म्हातारी आपलं गावसुद्धा विसरली! कुणीतरी सांगायचं, "आजी, तीनला. वाशीच्या हायवेवर मिळंल." घरी येऊन त्या तेच जपासारखं म्हणत बसायच्या.

शेवटी डॉक्टरांनीच वाशीतलं चर्च सुचवलं. तिथल्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी विसर पडलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळत, आणि त्यांना घरी सांभाळणाऱ्यांना मागच्या खोलीत जरा टेकू देत. "सून हाय तर मी जानार," एवढं एकच रंगूबाईंनी धरून ठेवलं. विश्वजित स्वतः जाऊन बघून आला. मागच्या खोलीत सगळ्या बायकाच. मग तयार झाला. जेवणं झाली की रिक्षानं सोडायचं, साडेचारला न्यायला यायचं.

हॉलचं सगळं नगरकडच्या मालतीबाई बघत. म्हाताऱ्यांना त्या ओळखीचं काम देत. कुणाला लसूण सोलायला, कुणाला वाती वळायला. "डोकं विसरतं, हात विसरत नाहीत," असं त्या म्हणत. रंगूबाईंपुढे आज त्यांनी तूर आणि मूग मिसळलेली परात ठेवली. त्यांनी मूठभर निवडली, आणि मालतीबाई समोर आल्यावर परत सगळी एकत्र करून टाकली.

मागच्या खोलीत एक बाई भिंतीला टेकून घोरत होती. नवऱ्याला रात्रभर धरून बसावं लागतं, म्हणून बुधवारी इथं झोपायची. दुसरी चहात खारी बुडवून नुसतीच बघत बसली होती. राजेश्वरीला त्या दोघींची माया वाटे. या खोलीत कुणी कुणाला 'सहन कर' म्हणत नसे.

मालतीबाई हळूच तिच्याजवळ आल्या. मागच्या बुधवारी त्यांनीच चर्चच्या फोनवरून भावाशी तिचं बोलणं करून दिलं होतं. 'ताई, तू नुसती ये,' म्हणाला होता तो.

"तिकिटाचं मी बघते. ठरलं का तुझं?"

"आत्याबाईंना कोण बघंल, बाई? हे दिवसभर गाळ्यावर. कुलपात एकट्या राहतील त्या."

"आपण इथं विसरणाऱ्यांसाठी आहोत, तसे सांभाळणाऱ्यांसाठीही आहोत," मालतीबाई म्हणाल्या.

राजेश्वरी पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेली. हायवे समोरच. चार पावलं टाकली की सुटका. पण तिला परातीपुढची ती वाकलेली पाठ दिसायला लागली. भात कालवून कोण भरवेल? रात्री अंगावर पांघरूण कोण ओढेल? नवऱ्याचं कुलूप एक वेळ तोडता आलं असतं, हे दुसरं तिला तोडता येईना. तिला रडू फुटलं. म्हातारीचाही राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली. आपली सुटका आपल्या नशिबात नाही, असं म्हणत ती माघारी वळली.

हॉलमध्ये प्रार्थनेसाठी सगळ्यांना पुढं नेलं होतं. कोपऱ्यात रंगूबाई एकट्याच बसल्या होत्या. राजेश्वरी त्यांच्यापुढे बसली आणि डोळे पुसून परात बाजूला घ्यायला गेली.

परातीत दोन ढीग होते. एकीकडे तूर, एकीकडे मूग. एक दाणा इकडचा तिकडे नव्हता.

रंगूबाईंनी हॉलच्या दाराकडे एकदा बघितलं, मग सुनेचा हात घट्ट धरला.

"माघारी का आलीस, पोरी? ह्या एका दारासाठी मी पोटच्या पोराला वळख द्यायची सोडली. ऊठ, तीनची गाडी चुकंल."