काकांचा विसरभोळेपणा

निवृत्तीनंतर काका-काकू मिशनच्या सेवेत आले, ते तिथल्या तरुण मिशनऱ्यांची काळजी घ्यायला. काकूंकडे खोल्यांची देखरेख होती आणि काकांकडे टपाल. असल्या विसरभोळ्याच्या हाती टपाल सोपवणाऱ्याला काकूंनी पहिल्याच दिवशी मनातून हात जोडले होते.

एका दुपारी एक तरुण मिशनरी दारात येऊन घुटमळला. "काकू, महिन्यापूर्वी मी मुख्य कार्यालयाला द्यायचं पत्र काकांकडे दिलं होतं. माझा खोलीतला जोडीदार फार घोरतो, बदलून द्या म्हणून."

"मग?"

"आता नकोय बदलून. परवा तो दवाखान्यात होता, तर मला झोपच लागेना. ते पत्र गेलं नसेल तर बरं."

"गेलं नसणारच. बेचाळीस वर्षं बघतेय मी ह्यांना," म्हणत काकूंनी काकांची जुनी चामडी बॅग उपडी केली. काका शेजारीच आरामखुर्चीत घोरत होते.

त्याचं पत्र निघालं. मुख्य कार्यालयाच्या नावाची तसलीच आणखी तीन निघाली. पोरांनी आपापल्या घरच्यांना लिहिलेलं मात्र एकही मागे राहिलेलं नव्हतं.

पत्र घेऊन तो खुशीत गेला. बॅगेतून शेवटी पडलं एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड. अक्षर काकूंचंच, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातलं. 'दादा, हे फार घोरतात. मला येऊन घेऊन जा.'

खुर्चीतलं घोरणं थांबलं. "काय सापडलं?" काकांनी डोळे न उघडताच विचारलं.

"तुम्ही टाकायला विसरलेलं एक कार्ड," काकू ते परत बॅगेत ठेवत म्हणाल्या. "राहू द्या आता. दादाचा पत्ता बदललाय."